चार फिके पुठ्ठे

माझा व्यवसाय भिंती रंगविण्याचा आहे. लांजा बाजारपेठेत व आसपासच्या वाड्यांत मला दादू पेंटर या नावाने ओळखतात. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. त्यानंतर हातात ब्रश आला, तो आज चाळीस वर्षे हातातच आहे. वाचनाची आवड मात्र मी सोडली नाही, आणि म्हणूनच पुढील हकिकत कोणाकडून लिहवून न घेता मी स्वतः लिहिण्याचे धाडस करीत आहे.

रंगकामातील कौशल्य गडद रंगांत नसते. हिरवा हिरवा आहे आणि निळा निळा आहे, हे कोणीही सांगू शकेल. रंगाऱ्याची खरी परीक्षा फिक्या रंगांत होते. दोन फिके रंग शेजारी शेजारी ठेवले असता त्यांच्यामधील अंतर जो ओळखतो, तोच खरा रंगारी, असे माझे मत आहे. हल्ली दुकानांतून यंत्रे आली आहेत. आकडा सांगितला की डबा तयार होऊन मिळतो. तथापि जुन्या भिंतीचा एखादा कोपरा फुटला आणि तेवढाच भरून काढायचा असला, तर यंत्राचा आकडा तेथे उपयोगी पडत नाही. तेथे डोळा लागतो. मी पांढऱ्या रंगात पिवळ्याचे, गेरूचे, निळ्याचे थेंब टाकून, ढवळून, डोळ्याने पाहून तो रंग जुळवीत असे. भरलेला कोपरा घरमालकालाही पुन्हा सापडत नसे.

गेल्या वर्षापासून हा डोळा मला फसवू लागला.

आरंभी मी त्यास थकवा समजलो. पुढे पांढरे ते सर्व पिवळट भासू लागले, आणि साय कोणती, हस्तिदंत कोणते, हे मला डब्यावरील आकड्यावरूनच कळू लागले. मी ही गोष्ट कोणासही सांगितली नाही. त्याचे कारण माझे वडील आप्पा. तेही रंगारीच होते, चुन्याच्या काळातले. पन्नाशी ओलांडली आणि त्यांची दृष्टी कडेकडेने मिटत गेली. रत्नागिरीस नेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की हा काचबिंदू आहे, गेलेली दृष्टी आता परत येणार नाही. त्यानंतर अकरा वर्षे आप्पा पडवीत बसून होते. भिंतीवरून हात फिरवून ते विचारीत, "दादू, हिला रंग दिलास का रे?" मी होय म्हणत असे. माझे वय आता चौपन्न आहे. आप्पांचे जे झाले तेच माझे होणार, अशी माझ्या मनाने खूणगाठ बांधली होती, आणि डॉक्टरच्या तोंडून तो शब्द ऐकण्यापेक्षा न ऐकलेला बरा, असा विचार करून मी दिवस काढीत होतो.

अशा स्थितीत जानेवारी महिन्यात दमयंतीबाईंचे बोलावणे आले.

दमयंतीबाई म्हणजे निवृत्त परिचारिका. एकतीस वर्षे सरकारी दवाखान्यांत नोकरी करून त्या आपल्या गावच्या घरी एकट्या राहण्यास आल्या होत्या. घर लहान, चिऱ्याचे, कौलारू. त्यांना स्वतःची निजण्याची खोली रंगवून हवी होती.

"हे बघ दादू," त्या म्हणाल्या, "पांढरा नको. पांढऱ्या भिंती बघून माझा जन्म गेला. पांढरं दिसलं की मला फिनेलचा वास येतो."

"मग पिस्ता देऊ का, बाई?"

"हिरवा तर नावही काढू नकोस. अर्ध्या भिंतीपर्यंत हिरवा आणि वर पांढरा, त्यातून आत्ताच सुटल्ये मी. मला फिका हवा. पण पांढरा नव्हे."

मी रंगांचे पुस्तक उघडले. त्यांनी ते मिटून ठेवले आणि म्हणाल्या, "ही इंग्रजी नावं मला कळत नाहीत. माझी मी सांगते. एक पेजेचा कर. एक सायीचा. एक ओल्या खोबऱ्याचा. आणि शिंपला उघडल्यावर आत असतो ना, तो एक. चारही बनवून आण, मग ठरवू."

असे गिऱ्हाईक मिळणे हे खरे तर रंगाऱ्याचे भाग्य. परंतु मी ते चार रंग बनविण्यास भीतभीतच बसलो. थेंबांचे माप मला पाठ होते, त्यामुळे मापाप्रमाणे मी रंग केले. मात्र ढवळून पाहिले तो चारही पिवळट. म्हणून मी प्रत्येकात निळ्याचे दोन दोन थेंब अधिक टाकले. नंतर ते रंग गेल्या हंगामातील आंब्याच्या पेट्यांच्या पुठ्ठ्यांवर लावून वाळविले आणि मागे पेन्सिलीने नावे लिहिली. भिंतीवर चौकोन काढण्यापेक्षा मी नेहमी पुठ्ठेच करतो. पुठ्ठा खिडकीपाशी नेता येतो, कोपऱ्यात नेता येतो, दिव्याखाली धरता येतो.

बाईंनी ते चार पुठ्ठे बराच वेळ पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"हा पेजेचा?"

"होय, बाई."

"बरं. जा, हात धुऊन ये. चहा टाकल्ये."

मी हात धुऊन परत आलो तेव्हा चारही पुठ्ठे खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने उभे केलेले होते. क्रम बदललेला होता हे माझ्या लक्षात आले, कारण एका पुठ्ठ्याचा कोपरा दुमडलेला होता व तो मघाशी पहिला होता.

"आता सांग," बाई म्हणाल्या. "सायीचा कोणता?"

मी दुसऱ्याकडे बोट केले. त्यांनी तो उलटा केला. मागे माझ्याच अक्षरात 'खोबरे' लिहिलेले होते.

"बाई, उजेड बरोबर नाय इथं."

त्यांनी उठून खिडकीचे दुसरे दार उघडले. "आता आहे उजेड. शिंपला कोणता?"

मी शेवटच्याकडे बोट केले. तो पेजेचा निघाला.

"दुपारचा उजेड जरा पिवळाच असतो, बाई, त्याच्यामुळं..."

"दादू," त्या शांतपणे म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी पेशंट बघितले. लपवणारा पेशंट नेहमी उजेडाला दोष देतो. कधीपासून दिसत नाही तुला?"

मी कप खाली ठेवला. वर्षभर जे बायकोला सांगितले नव्हते, ते मी या बाईंना सांगितले. आप्पांचेही सांगितले.

"तरीच," मग त्या म्हणाल्या. "पेज म्हणून आणलास आणि बघते तर निळीत बुचकळलेला सदरा. चारही तसेच. मला वाटलं, हा माणूस एवढा नावाजलेला, आणि पेज बघितली नाही की काय कधी याने!"

"आप्पांचंच माझ्याकडं आलंय, बाई."

"डोळा कोणाला दाखवलास?"

"नाय."

"मग निकाल कोणी लावला?"

मी कट्ट्यावरचे पुठ्ठे गोळा करू लागलो.

"मी नर्स आहे, डॉक्टर नव्हे. त्यामुळे काय आहे ते मी सांगणार नाही. पण तूही सांगू नकोस. परवा सोमवार आहे. रत्नागिरीस जा, बायकोला बरोबर ने. डोळ्यांत औषध घालतील, एकट्याला परत येता येणार नाही."

"आणि खोली?"

"खोली कुठं पळून जात्ये? मी बाहेरच्या खोलीत निजेन. पुठ्ठे इथेच राहू देत."

त्या संध्याकाळी मी तुळसाला, म्हणजे माझ्या पत्नीला, सर्व सांगितले. ती तांदूळ निवडीत होती. सूप बाजूला ठेवून तिने प्रथम डोळ्यांना पदर लावला, आणि नंतर तिला जो राग आला, तो मला हायसे वाटावे इतका ओळखीचा होता.

"वरीसभर? वरीसभर तुमी माज्याशी सदऱ्यांवरनं भांडत व्हतात! पिवळे ऱ्हातात, पिवळे ऱ्हातात! मी नीळ घालून घालून हात निळे क्येले माजे!"

"मला पिवळेच दिसत होते गं."

"मंग तसं सांगायचं व्हतं! डोळा वाईट म्हणायचं सोडून बायको वाईट म्हणून मोकळे!"

मी तिला सोमवारी बरोबर येण्यास सांगितले.

सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही रत्नागिरीस गेलो. नेत्रचिकित्सालयात गर्दी होती. डोळ्यांत थेंब घालून मला बाकावर बसविण्यात आले. हळूहळू समोरची माणसे वितळल्यासारखी झाली. मला आप्पांचे स्मरण झाले. त्यांना असेच दिसत असेल काय, की याहूनही कमी, हे मी त्यांना कधी विचारले नव्हते. तुळसा माझ्या बाजूला बसून दरवाजावरचा कोणता आकडा लागला ते सांगत होती. तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, जणू माझे कानही गेले होते.

आत डॉक्टर म्हणून एक तरुण मुलगी होती. तिने माझी हनुवटी यंत्रावर टेकवून दोन्ही डोळ्यांत प्रकाश टाकला. दुसऱ्या यंत्राने डोळ्यांचा दाब मोजला. मग पुन्हा पहिल्या यंत्रापाशी नेले. एवढा वेळ लागतो आहे त्याअर्थी काहीतरी आहे, असे मी समजून चुकलो.

"काका, मोतीबिंदू आहे," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत. उजव्यात जास्त पिकलाय. आधी यायला हवं होतं, पण काही बिघडलेलं नाही. ऑपरेशन करून टाकू."

"आणि काचबिंदू?"

"तो नाही. दाब चांगला आहे, मागची नसही चांगली आहे."

"माझ्या वडलांना होता."

"मग दर वर्षी दाब तपासून घ्या. पण आज तुम्हाला तो नाही."

"नक्की ना, मॅडम?"

"नक्की."

मी उठलो, दारापर्यंत गेलो, आणि परत फिरलो. "मॅडम, एवढं लिहून द्याल का?"

ती हसली. परंतु तिने कागद घेतला आणि तपासणीच्या खाली मराठीत स्पष्ट अक्षरांत लिहिले, 'काचबिंदू नाही'. मला त्या वेळी ते वाचता आले नाही. तुळसाने अक्षर लावून लावून वाचून दाखविले. मी तिला पुन्हा वाचावयास लावले. तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आता लोकांना वाटंल की तुमाला ऐकायला पन येत नाय."

स्टँडवर आलो तेव्हा मी एकदम बाकावर बसलो. दुःखाने नव्हे. डोक्यावर डबा घेऊन शिडी चढणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून कोणीतरी डबा उचलून घ्यावा, तसे ते हलकेपण होते, आणि त्याची मला सवय राहिली नव्हती. तुळसाने दोन बशा कांदाभजी आणली. माझी बशी मला हाताने चाचपडावी लागत आहे हे पाहून ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तुमाला दिसत नाय तर तुमची पन मीच खाते," आणि खरोखरच तिने माझी अर्धी बशी संपविली.

फेब्रुवारीत उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. पट्टी निघाल्यानंतर मनुष्याने प्रथम काय पाहावे याविषयी मी रात्रभर पुष्कळ विचार केला होता. देवाचे चित्र, किंवा पत्नीचे मुख, असे मनात होते. परंतु डोळा उघडला तो समोर भिंत होती.

"काय दिसतंय?" तुळसाने विचारले.

"भिंत."

"भिंत तर मला पन दिसतेय. कशी दिसतेय?"

"हिला रंगाचा दुसरा हात दिलेला नाय," मी म्हणालो. "एकच हात मारलाय. तो बघ, खिडकीच्या खाली ब्रशचे फराटे तसेच आहेत. आणि भेगा बुजवायला लांबी भरली ती घासलीपण नाय."

तुळसा खुर्चीत मागे टेकली. "दिसतंय," ती शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या एका अनोळखी बाईस म्हणाली. "माज्या मानसाला दिसतंय." आणि आम्ही दोघेही रडलो, तेव्हा परिचारिकेने येऊन मला दटावले की डोळ्यांतून पाणी काढू नका.

घरी आल्यावर दोरीवर माझे सदरे वाळत होते. ते सर्व निळे होते. फिकट नव्हे, चांगले शाळेच्या गणवेशासारखे निळे. वर्षभर मी ते घालून भर बाजारातून हिंडलो होतो, आणि कोणी काही बोलले नव्हते. लोकांना वाटले असेल की दादू पेंटरची ही नवी आवड आहे. त्यांतील एक मी आजही ठेवला आहे. तुळसा म्हणते, तो तिचा जिंकल्याचा दाखला आहे.

परंतु सदरे पाहून मला दुसरीच शंका आली, व ती सदऱ्यांहून मोठी होती. याच डोळ्याने मी वर्षभर लोकांची घरे रंगविली होती. महिनाभर धूळ आणि रंग यांपासून दूर राहण्याची आज्ञा होती. घरी बसून माझ्या मनात एकामागून एक खोल्या येत होत्या. शेवटी मी काळा चष्मा लावून भिकाजींच्या दुकानात गेलो. भिकाजी काजूचे व्यापारी. दिवाळीपूर्वी मी त्यांचे दुकान आतून हस्तिदंती रंगविले होते. आत पाऊल टाकले आणि मी दारातच थांबलो. हस्तिदंताचा तेथे मागमूस नव्हता. पाण्यात चांदणे पडावे तसा निळसर रंग चारही भिंतींवर पसरला होता.

"भिकाजीशेट," मी म्हणालो, "ही भिंत तुम्ही सांगितली तशी झालेली नाय. चूक माझी आहे. डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी पुन्हा रंगवून देतो."

"कशाला?" भिकाजी म्हणाले. "आमी पयल्याच दिवशी बघितलं. बायको म्हणाली, असू दे, दुकान थंड वाटतंय. गिऱ्हाईक पन बोलतंय, तुमच्याकडं बरं वाटतं. हात लावशील तर याद राख."

"पण हा रंग मी केलेलाच नाय, शेट."

"मंग कोणी क्येला?"

"मोतीबिंदूनं."

ते इतके हसले की तराजूवरील काजू सांडले. म्हणाले, "मंग त्याला सांग, आत गोदाम पन रंगवायचंय."

हसण्यावारी गेले तरी, वर्षभरात जेथे जेथे डोळ्याने रंग जुळविला होता, त्या उरलेल्या तिन्ही घरी मी जाऊन आलो. एका घरी खरोखरच चूक खटकत होती. तेथे मी चैत्रात दोन भिंती पुन्हा करून दिल्या. बाकीच्यांनी मला चहा पाजला आणि डोळ्याची चौकशी केली. एवढ्या भीतीने जे मी झाकून ठेवले होते, ते उघडे पडल्यावर त्याचे कोणालाच काही वाटले नाही, याचा मला विस्मय वाटला.

महिना संपला त्या दिवशी मी दमयंतीबाईंकडे गेलो. खोली रिकामीच होती. पुठ्ठे खिडकीच्या कट्ट्यावर होते. मी ते न उलटता हातात घेतले. उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिले, कारण डाव्याची शस्त्रक्रिया अजून व्हायची होती. चारही सारखे पिवळट. मग डावा झाकून उजव्याने पाहिले. चारही निळसर, परंतु चार निराळे.

"बाई, हे चारही फेकून द्या," मी म्हणालो. "यातला एकही तुम्ही सांगितला तो नाय."

"हे तू जानेवारीत म्हणायला हवं होतंस," बाई म्हणाल्या.

मी तेथेच पडवीत बसून रंग नव्याने केले. त्या वेळी मी थेंब मोजले नाहीत. बाईंनी खरोखरच वाटीत पेज आणून ठेवली, खोबऱ्याची कातळी ठेवली, साय काढून दिली, आणि शेजारच्या आनंदीबाईंकडून एक शिंपला मागून आणला. मी एकेक समोर ठेवून रंग जुळविला. दोन तास गेले. चार नवे पुठ्ठे वाळले तेव्हा बाईंनी ते वाटीशेजारी, सायीशेजारी ठेवून पाहिले.

"कोणता देऊ?" मी विचारले.

"शिंपल्याचा."

"नको, बाई. पेजेचा घ्या."

त्यांनी मान वर केली. "का रे?"

"तुमच्या खिडकीसमोर कुंपणाला लाल चिऱ्याचा गडगा आहे. दुपारी त्याच्यावर ऊन पडलं की लाल उजेड आत येतो. शिंपल्याच्या रंगात आधीच गुलाबी आहे. त्या उजेडात तो आणखीच गुलाबी दिसंल. पेज तो उजेड पिऊन टाकील."

"मला गुलाबी आवडतो."

"बाई, लग्नाचा हॉल दिसंल."

"खोली कोणाची आहे?"

"तुमची. पण भिंत माझ्या नावावर लागणार."

आनंदीबाई शिंपला परत नेण्यास आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला तर बाई हे दोनी सारखेच दिसतायत. कशाला भांडता?"

"सारखे?" आम्ही दोघेही एकदम म्हणालो.

येथे मी एक कबुली देतो. मागील वर्षभरात मी कोणत्याही गिऱ्हाइकास नको म्हटले नव्हते. जो दाखवतील तो रंग उत्तम आहे, असे मी म्हणत असे, कारण मला काही दिसतच नव्हते. त्या दुपारी मी दमयंतीबाईंशी पुरा अर्धा तास वाद घातला. पुठ्ठे खिडकीत नेले, दारात नेले, जमिनीवर ठेवले. माझा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. इतके समाधान मला कित्येक दिवसांत लाभले नव्हते.

अखेर बाई म्हणाल्या, "दोन भिंती तुझ्या, दोन माझ्या. चालेल?"

असे काम मी आजवर केलेले नव्हते. तरी होय म्हटले. पूर्वेच्या व दक्षिणेच्या भिंतीस पेज दिली, उरलेल्या दोहोंस शिंपला. दोन दोन हात दिले. चार दिवसांत खोली झाली. बाईंनी आपली खाट आत घेतली.

आता त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणतो की खोलीला छान, एकसारखा, फिका रंग दिला आहे. मी गेलो की बाई मला मुद्दाम आत नेतात. ईशान्येच्या कोपऱ्यात, जेथे पूर्वेची व उत्तरेची भिंत भेटते, तेथे एक सरळ, बारीक सीमारेषा आहे. एका बाजूस पेज, दुसऱ्या बाजूस शिंपला. ती दाखवून त्या मला म्हणतात, "बघ, दुपारी माझीच बाजू बरी दिसत्ये." मी म्हणतो, दिसत नाय. आणि दोघेही पुन्हा त्या रेषेपाशी जाऊन उभे राहतो.